मूळचे कुठले

प्रश्नावली पुण्याहून आली,
पुण्याला आली कुठल्याशा थंड देशातून,
जिथं पोलंडहून आलेल्यांचे नातू
आणि इंडोनेशियाहून आलेल्यांचे नातू
शेजारी शेजारी मांडून मोजले होते कुणीतरी:
कुणाचं घर स्वतःचं, कुणाचं भाड्याचं,
कुणाची पोरगी शिकली.
माझ्या वाट्याला जालना.
घरामागं ऐंशी रुपये, रिक्षा ज्याची त्यानं.

गट अ, मारवाडातून आलेले.
गट ब, हदरमौतहून आलेले.

'घरात भांडी धुण्याचं यंत्र आहे का?'
हा प्रश्न खोडायचा राहून गेला होता सरांकडून.
मी विचारला.
हसीनाबी चाऊस यांनी राखेचे हात पुढं केले,
"है ना. दो है. बगैर बिजली के चलते."
मी 'होय' लिहिलं.

त्यांचा सालेम एटीएमच्या दाराशी, रात्रपाळी.
चाऊस हे आडनाव नव्हतंच, म्हणाला, हुद्दा होता.
पणजोबा देवडीवर उभं राहायला आले समुद्र ओलांडून.
अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात देवडी गेली,
हुद्दा गेला,
उभं राहणं तेवढं वारशात आलं.
पणजोबांचा धाकटा भाऊ दुसऱ्या जहाजात चढला,
सुराबायाला उतरला.
त्याच्या पणतवंडांचा फोटो कपाटातून निघाला:
चौकड्यांची लुंगी, अगदी सालेमच्या अंगावरची.
"ते कसे आहेत?" हे प्रश्नावलीत नव्हतं.
"व्हिडिओवर दुकान दाखवतात," सालेम म्हणाला,
"कर्जा नहीं दिखाते."

कादराबादेत शिवरतन भक्कड यांनी
आधी ताक दिलं, मग उत्पन्न सांगितलं,
निम्मं असावं.
पणजोबा नुसता लोटा घेऊन आले, म्हणाले.
ही गोष्ट मी त्या गल्लीत सहाव्यांदा ऐकत होते,
म्हणून विचारलं, लोट्यात काय होतं?
म्हातारा बराच वेळ हसला.
"मामाच्या पेढीची चिठ्ठी.
आमच्या आधी मामा आला होता, बाई.
त्याच्या आधी त्याचा मामा."

चिठ्ठीला रकाना नव्हता.
मी समासात लिहिली, बारीक.

त्याच गल्लीच्या टोकाला सुशीलाबाई,
त्याही भक्कडच,
किलोवर पापड लाटतात, दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत भरतात.
दार अर्धंच उघडलं.
"लिहा, बरं चाललंय. आमच्यात वाईट लिहीत नाहीत."
मी बरं लिहिलं.
पुढं संगणकावर गट अ ची सरासरी निघाली,
तिच्यात ते पापड कुठल्या कुठं विरले.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच:
या देशात तुम्हाला किती आपलं वाटतं?
एक ते दहा.
शिवरतनजी म्हणाले, त्या दुसऱ्यांनी किती सांगितलं?
सालेम म्हणाला, दस.
मग मी पान मिटत असताना,
"मी किती वाटतो ते समोरच्या घरात विचारा की."

हसीनाबींनी पाठीमागून हाक मारली,
और तुम? तुम मूळचे कुठले?
आजोबा घनसावंगीकडून आले, म्हटलं, सालगडी म्हणून,
लांबून नाही, एसटीनं दीड तास.
याला स्थलांतर म्हणत नाहीत.
"वापस गए?"
नाही.
"फिर?"
त्यांनी माझ्या कागदांकडं असं बघितलं
जसं काही हिशेबात चूक सापडावी.

महिन्यानं पैसे जमा झाले.
बावीस घरं गुणिले ऐंशी.
रात्री काढायला गेले तर दाराशी सालेम,
मला बघून उभा राहिला.
बसा हो, म्हटलं.
खुर्ची नव्हतीच तिथं.
"हुद्दा है बाई," तो म्हणाला,
आणि आम्ही दोघंही हसलो, थोडं.

यंत्रात पाचशेच्याच नोटा होत्या.
दोनशे साठ आतच राहिले.